कोकणच्या दमट हवेत चामड्याच्या वस्तू कशा सांभाळाव्यात

चामड्याच्या क्रीमच्या डबीवर लिहिलेलं असतं की दर दोन-तीन महिन्यांनी लावा, चामडं कोरडं पडू देऊ नका. थंड आणि कोरड्या हवेच्या मुलखात ही सूचना बरोबर आहे. पण श्रीवर्धन, रत्नागिरी, मालवण या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवेतली सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८५ टक्क्यांच्या आसपास किंवा वरच असते आणि चामड्याला मानवते ती साधारण ४५ ते ६० टक्के. ती ६५-७० च्या वर काही दिवस टिकली की बुरशी धरायला सुरुवात होते. त्यामुळे आपल्याकडे चामडं कोरडं पडून तडकण्याआधी ओलीने आणि कोंडल्याने खराब होतं. त्यावर आणखी तेल चोपडलं तर बुरशीला खाद्यच मिळतं. इथला क्रम म्हणून असा ठेवायचा: आधी वारा, मग स्वच्छता आणि तेल सगळ्यात शेवटी, तेही थोडं.

आधी वस्तू कशाची आहे ते बघा

पावसाळ्यात बॅगेचे पापुद्रे सुटले, ही नेहमीची तक्रार. पापुद्रे सुटणारी वस्तू बहुतेक वेळा चामड्याची नसतेच. ते रेक्झिन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असतं, म्हणजे कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर. दमट हवेत पॉलियुरेथेनचे बंध बाष्पामुळे हळूहळू तुटतात, थर आधी चिकट होतो आणि मग सुटतो. एकदा ही क्रिया सुरू झाली की कोणतंही क्रीम ती थांबवत नाही. ‘बॉन्डेड लेदर’ म्हणून विकतात त्यातही चामड्याचा भुसा आणि वर प्लास्टिकच असतं, त्यामुळे त्याचीही तीच गत. बुटांचे पीयू सोल न वापरता दोन-चार वर्षं ठेवले की चुरा होऊन पडतात, त्यामागेही हेच कारण.

ओळखायचं असेल तर कापलेली कड बघा. पट्ट्याचं भोक, बॅगेच्या आतल्या खिशाची कड किंवा चपलेच्या अंगठ्याची आतली बाजू पाहा. चामड्याला तिथे गुंतलेले बारीक तंतू दिसतात, रेक्झिनला कापडाची वीण दिसते. काडी पेटवून परीक्षा करू नका. खऱ्या चामड्यावरही रंगाचा आणि प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे जळण्याच्या वासावरून फसगत होते आणि वस्तूही डागाळते.

चामडं असल्याची खात्री झाली की ते कसं कमावलंय ते पाहा. कोल्हापुरी चपला, जाड पट्टे, जुन्या धाटणीच्या पिशव्या बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेल्या असतात. त्यांची कड आरपार तपकिरी दिसते आणि पाण्याचा थेंब टाकला तर मिनिटाभरात शोषला जाऊन गडद डाग उमटतो. ऑफिसचे बूट, पर्सेस, पाकिटं, सोफे बहुतेक क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेले असतात. त्यांच्या कडेच्या मधोमध राखाडी-निळसर छटा दिसते आणि वर रंगाचा थर असेल तर पाणी ओघळून जातं. क्रोमचं चामडं पाणी आणि उष्णता जास्त सोसतं. वनस्पतींनी कमावलेलं पाण्याने काळवंडतं, कडक होतं आणि लोखंडाशी संबंध आला तर त्यावर काळे डाग पडतात.

पांढरं दिसलं की लगेच बुरशी म्हणू नका

कपाट उघडल्यावर वस्तूवर पांढरं दिसलं तर ते तीनपैकी एक असतं आणि तिघांचे उपाय वेगळे आहेत.

बुरशी असेल तर जवळून ती केसाळ दिसते. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघा: सुटे गोल ठिपके, कडा विरळ, काही ठिकाणी हिरवट किंवा काळपट रंग. कुबट वास येतो आणि बोट फिरवलं की पावडरसारखी पसरते.

चरबी असेल तर पांढुरका, गुळगुळीत, सलग थर दिसतो आणि वास येत नाही. चामडं कमावताना किंवा नंतर घरी घातलेले स्निग्ध पदार्थ वर येऊन थिजतात, त्याचा हा थर. खात्री करायला हेअर ड्रायर सगळ्यात कमी उष्णतेवर ठेवून वीतभर अंतरावरून १०-१५ सेकंद धरा. थर वितळून नाहीसा झाला तर ती चरबी. मऊ कापडाने पुसा, बाकी काही करू नका. निदान वर्षभर त्या वस्तूला तेल लावू नका.

तिसरं मीठ. समुद्रावर फिरून आलेल्या बुटावर किंवा घामाने भिजलेल्या पट्ट्यावर ते लाटेसारख्या वळणदार रेघेने उमटतं, बहुतेक शिवणीजवळ आणि सोलच्या वरच्या कडेला. ओल्या कापडाने पुसलं की जातं आणि वाळलं की पुन्हा दिसतं. उष्णतेने त्याला काही होत नाही.

पितळेच्या बकलाभोवती किंवा रिबिटभोवती हिरवा मेणचट पदार्थ दिसला तर तीही बुरशी नव्हे. पितळेतलं तांबं आणि चामड्यातली चरबी यांच्या संयोगाने तो तयार होतो. दात कोरायच्या लाकडी काडीने खरवडा, कोरड्या कापडाने पुसा, बकल काढता येत असेल तर काढून स्वच्छ करा. पट्ट्याला जितकं तेल जास्त, तितका हा हिरवा थर जास्त येतो.

बुरशी काढताना

वस्तू अंगणात किंवा गॅलरीत न्या. घरात झटकली तर बुरशीचे बीजाणू कपाटावर, कपड्यांवर, गादीवर बसतात. नाकातोंडावर मास्क बांधा, दम्याचा त्रास असलेल्याने हे काम करूच नये.

पहिली पायरी कोरडी. मऊ ब्रश किंवा सुकं सुती कापड घेऊन एकाच दिशेने, वस्तूपासून बाहेर झाडा. सुरुवातीलाच ओलं कापड फिरवलं तर बीजाणू रंध्रांत आणि शिवणीत दाबले जातात आणि आठ-दहा दिवसांत त्याच जागी पुन्हा उगवतात. बुटातली सुखतळी निघत असेल तर काढा, जीभ बाहेर ओढा, बॅगेचं अस्तर उलटं करा. वरचं स्वच्छ दिसतं आणि आत राहून जातं, हाच नेहमीचा घोटाळा.

दुसऱ्या पायरीला मेडिकलमध्ये मिळणारं स्पिरिट आणि पाणी समान घ्या. स्पिरिट नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समान. पिण्याचं गाळलेलं पाणीच वापरा. बोअरवेलच्या पाण्यात लोह असेल तर वनस्पतींनी कमावलेल्या चामड्यावर काळपट डाग येतील. आधी आतल्या, न दिसणाऱ्या जागी थेंबभर लावून पाच मिनिटं थांबा. स्पिरिट काही रंग उतरवतं. रंग कापडावर आला तर व्हिनेगर घ्या. कापड बुडवून घट्ट पिळा, नुसतं दमट राहील इतकं, आणि सगळा पृष्ठभाग पुसा, फक्त डाग नव्हे. कापडाची बाजू बदलून पुन्हा एकदा पुसा. ओतायचं किंवा फवारायचं नाही.

मग सावलीत पंख्याखाली २४ तास वाळवा. पूर्ण वाळल्यावर सकाळचं कोवळं ऊन १५-२० मिनिटं दाखवायला हरकत नाही, दुपारचं नको. यानंतर लगेच क्रीम लावायचा मोह होतो, तो आवरा. आठवडाभर उघड्यावर ठेवून बघा. बुरशी परत आली नाही तरच पुढचं. कपड्यांचं ब्लीच, कपडे धुण्याचा साबण आणि सोडा यातलं काहीही वापरू नका. चामडं मुळात आम्लधर्मी असतं, अल्कलीने त्याचे तंतू फुगतात आणि नंतर कडक, ठिसूळ होतात. ब्लीच तर तंतूंनाच खातं.

बुरशी गेल्यावरही काही वेळा फिकट किंवा काळे ठसे उरतात. ते रंगात उतरलेले असतात आणि घासून जात नाहीत. गडद वस्तूवर त्याच रंगाचं शू क्रीम लावून झाकता येतात. आणि ज्या कपाटातून ती वस्तू निघाली त्याच्या फळ्या, कोपरे, खणाच्या मागची बाजू याच मिश्रणाने पुसून कोरडी केल्याशिवाय वस्तू परत आत ठेवू नका.

बूट भिजले तर

सगळ्यात जास्त नुकसान भिजण्याने होत नाही, घाईने वाळवण्याने होतं. चुलीजवळ, गॅसच्या शेगडीशेजारी, फ्रिजच्या मागे, बाईकच्या तापलेल्या इंजिनावर बूट ठेवले की ते सकाळपर्यंत वाळतात खरे, पण चवड्याच्या घडीवर चिरतात. चामडं म्हणजे कोलॅजन हे प्रथिन. कोरडं असताना ते बरीच उष्णता सोसतं. ओलं असताना मात्र बऱ्याच कमी तापमानाला आकसतं आणि आकसलेलं परत पूर्ववत होत नाही. शिवाय पाणी वेगाने बाहेर पडताना आतली चरबी वर ओढून आणतं, म्हणून वरून तेलकट आणि आतून कोरडं असं विचित्र चामडं उरतं.

आल्याबरोबर नाड्या काढा, सुखतळी वेगळी करा, चिखल ओल्या कापडाने पुसा. आत सुती फडकी किंवा साधे कागद गच्च न कोंबता आकार राहील इतके भरा. वर्तमानपत्र चालतं, पण फिकट अस्तराला शाई लागते. पहिले कागद तासाभरात बदला, कारण बहुतेक पाणी तेव्हाच निघतं. नंतर तीन-चार तासांनी बदला. बूट आडवे किंवा टाच वर करून भिंतीला टेकवा, म्हणजे सोलखालीही वारा जाईल, आणि पंखा समोरून लावा. जुलैच्या हवेत चामड्याचा सोल असलेल्या बुटाला ४८ तास लागतात, रबरी सोलच्या बुटाला ३६ तास तरी धरा. वरून कोरडा वाटला तरी आत चवड्याकडे हात घाला. थंड लागलं तर ओल आहे.

पूर्ण वाळल्यावर वाटाण्याएवढं शू क्रीम एका बुटाला पुरतं. अर्धवट ओल्या बुटावर मेणाचं पॉलिश चढवलं तर आतली ओल बाहेर पडायची वाटच बंद होते. रोज ऑफिसला चामड्याचेच बूट लागत असतील तर पावसाळ्यात दोन जोड आलटून पालटून घाला. एकच जोड चार महिने रोज घातला तर तो कधीच पूर्ण वाळत नाही आणि आतलं अस्तर कुजायला लागतं. जाता-येता रबरी पावसाळी चपला आणि ऑफिसात बूट, हा मार्ग त्याहून स्वस्त.

मीठ, वाळू, तांबडी माती

दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे किनाऱ्यालगतच्या घरात मीठ आणून टाकतात. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, म्हणून किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावरच्या घरात तीच बॅग दहा-पंधरा किलोमीटर आतल्या घरापेक्षा लवकर बुरसते. रोज बाहेर असणारी वस्तू आठवड्यातून एकदा किंचित दमट कापडाने आणि मागोमाग कोरड्या कापडाने पुसली तरी बराच फरक पडतो.

मिठाची रेघ उमटलीच असेल तर एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन भाग पाणी असं मिश्रण कापडावर घेऊन रेघेच्या बाहेरपर्यंत पुसा, मग नुसत्या पाण्याच्या पिळलेल्या कापडाने. फक्त रेघच पुसली तर मीठ सरकून जरा पुढे नवी रेघ उमटवतं.

वाळू आधी ब्रशने झाडा. पुसायला घेतली तर ती सॅंडपेपरसारखी घासून वरचा थर ओरखडते. तांबडी माती ओली असताना घासू नका, वाळू द्या आणि मग झाडा. उरलेला तांबूस डाग दोन-तीन थेंब बेबी शॅम्पू टाकलेल्या कपभर पाण्याच्या फेसाने जातो. पाणी न घेता नुसता फेस घ्यायचा.

गंजलेला खिळा, दाराचा लोखंडी हूक, छत्रीची गंजलेली काडी वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याला ओल्यात लागली की निळसर काळा डाग पडतो. लोह आणि कमावताना वनस्पतींतून चामड्यात आलेलं टॅनिन मिळून ही शाईच तयार होते. अर्ध्या लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून बोळ्याने डागावर पाच मिनिटं लावा, डाग फिका होईल, मग पाण्याच्या कापडाने दोनदा पुसा. रस तसाच राहू देऊ नका. आमसुलाचं किंवा कोकमाचं पाणी आंबट असलं तरी इथे कामाचं नाही, त्याचा स्वतःचाच लाल रंग बसतो. चपला आणि पिशव्या टांगायला लाकडी खुंटी किंवा प्लास्टिकचा हूक बरा.

तेल कोणतं, किती, कधी

घरात खोबरेल असतंच, म्हणून तेच आधी हातात येतं. ते लावल्यावर चामडं मऊ आणि तकतकीत दिसतं हे खरं. पण ते रंग कायमचा गडद करतं, काही महिन्यांत खवट होतं आणि श्रावणात त्याच जागी आधी बुरशी धरते. शेंगदाणा, सूर्यफूल ही स्वयंपाकाची तेलं कालांतराने चिकट होतात आणि धूळ धरतात. जवसाचं तेल तर वाळून कडक होणारं आहे, ते चामड्याला लावूच नये. घरगुती तेलांत एरंडेल त्यातल्या त्यात बरं, कारण ते वाळत नाही, मात्र घट्ट असल्याने हात राखून लावावं लागतं. विकतचं घेणार असाल तर बूट, पर्स आणि पट्ट्यासाठी बिनरंगी शू क्रीम पुरेसं आहे. जाड, कडक झालेल्या चामड्याला नीट्सफूट ऑइल (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं तेल) चांगलं मुरतं.

प्रमाण: पट्ट्याला वाटाण्याएवढं क्रीम, मध्यम आकाराच्या पर्सला अर्धा चमचा, पाकिटाला बोटाला लागेल तेवढंच. कापडावर घ्या, आधी कापडाच्या घड्या एकमेकींवर चोळून ते पसरवा, मग गोल फिरवत लावा. वीस मिनिटांनी कोरड्या कापडाने जोर देऊन पुसा. बोट टेकवल्यावर ठसा उमटत असेल तर जास्त झालं. जास्त झालेलं तेल काढायला टाल्कम पावडर किंवा खडूची पूड भुरभुरवून रात्रभर ठेवा आणि सकाळी झाडा. कॉर्नफ्लोअर किंवा पीठ पावसाळ्यात वापरू नका, शिवणीत राहिलेल्या कणांवर बुरशी येते.

वेळ वर्षातून एकदाच, ऑक्टोबरच्या उन्हात हवा कोरडी झाल्यावर. रोज वापरातल्या बुटांना जानेवारी-फेब्रुवारीत आणखी एकदा चालेल. मे महिन्यात, पाऊस तोंडावर आला असताना तेल अजिबात नको. त्या वेळी बुटांना नुसते मेणाच्या पॉलिशचे दोन पातळ थर द्या, शिवणी आणि सोलच्या सांध्यावर जरा जास्त. पाणी लगेच आत शिरत नाही आणि बुरशीला खायला फारसं काही मिळत नाही.

कोल्हापुरी

कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिची बांधणी समजून घेतली की काळजी आपोआप कळते. अस्सल कोल्हापुरीत तळ आणि टाच चामड्याचे थर एकावर एक ठेवून चामड्याच्याच दोरीने शिवलेले असतात. पाणी लागलं की थर फुगतात, दोरी सैल होते, आणि वाळताना प्रत्येक थर वेगळा आकसतो. टाच उघडते ती यामुळे. म्हणून मृग लागायच्या आधी तिला आत ठेवायची आणि नवरात्रानंतर बाहेर काढायची. पावसात घालायची हौस असेल तर रबरी तळ चिकटवलेली कोल्हापुरी मिळते, पण तिचेही पट्टे चामड्याचेच असतात हे लक्षात असू द्या.

नवी चप्पल चावते तेव्हा अनेक जण ती रात्रभर तेलात बुडवतात. त्याने तळ जड आणि लिबलिबीत होतो आणि पायाला तेल लागत राहतं. फक्त पट्टे आणि अंगठा यांच्या आतल्या बाजूला, दोन्ही चपला मिळून एक चहाचा चमचा एरंडेल लावा, रात्रभर ठेवा, पुसा. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. तळाला वरून काही लावायचं नाही. घरात रोज अर्धा-पाऊण तास घालून पायाचा आकार बसू द्या. करकर आवाज थर एकमेकांवर घासल्याने येतो, तो घालवायचाच असेल तर थरांच्या फटीत थोडी टाल्कम पावडर सोडा.

चुकून भिजलीच तर दोन्ही चपला सपाट लाकडी फळीवर ठेवा, वर दुसरी फळी आणि एखादी वीट, मध्ये सुती कापड. दर सहा-सात तासांनी कापड बदला. वजन न ठेवता वाळवली तर पुढचं टोक वर वळतं.

कपाट आणि बंद घर

चिऱ्याच्या भिंती पावसात पाणी ओढतात. भिंतीला चिकटलेल्या कपाटाची मागची बाजू म्हणूनच सतत गार आणि ओलसर असते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, खाली लाकडी ठोकळे द्या. बूट-चपला जमिनीवर न ठेवता निदान फूटभर वरच्या फळीवर ठेवा. प्लास्टिकची पिशवी हा सगळ्यात वाईट पर्याय, कारण आतली ओल आतच राहते. जुनं धोतर, मांजरपाट, सुती साडीचा तुकडा यात गुंडाळा. पर्स दाबून न ठेवता आत कापड भरून उभी ठेवा, पट्टा गुंडाळण्यापेक्षा बकलाने टांगा.

पावसाळ्यात दर आठवड्याला एकदा, पाऊस उघडलेल्या दुपारी, कपाटाची दारं सताड उघडून तासभर पंखा मारा. जमेल तर छोटा डिजिटल आर्द्रतामापक कपाटात ठेवा, म्हणजे नुसत्या अंदाजाने चालावं लागत नाही. कपाटात १५ वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावायची रीत चांगली आहे. आतली हवा दोन-चार अंशांनी तापली की सापेक्ष आर्द्रता उतरते. एलईडी दिव्याचा उपयोग नाही, त्याला पुरेशी उष्णताच नसते. बल्ब तळाशी, जाळीच्या आत आणि कोणत्याही वस्तूपासून निदान फूटभर लांब हवा. घरात कोणी नसताना तो चालू ठेवू नका.

चाकरमानी मंडळींचं घर मे अखेरीला बंद होतं ते गणपतीलाच उघडतं. अशा घरात चामड्याची वस्तू न ठेवता सोबत नेणं सगळ्यात उत्तम. ठेवायचीच असेल तर हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल हा एकमेव भरवशाचा उपाय. इथे प्लास्टिक चालतं, कारण आतली ओल शोषणारं काहीतरी सोबत आहे. साधारण ४० लिटरच्या डब्यात एक जोड बूट, एक पर्स, दोन पट्टे मावतात. त्याला २५० ग्रॅम सिलिका जेल घ्या. बुटाच्या खोक्यात येणाऱ्या चिमूटभर पुड्यांनी काही होत नाही: दमट हवेतलं चामडं स्वतःतच बरंच पाणी धरून असतं आणि सिलिका दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढंच पाणी शोषते. वस्तू आधी मेमधल्या कोरड्या दुपारी दोन दिवस पंख्याखाली वाळवा, सिलिका सुती पुरचुंडीत बांधा, ती चामड्याला थेट टेकू देऊ नका आणि झाकणाच्या फटीवर चिकटपट्टी लावा. पुढच्या वर्षी तीच सिलिका ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवली की पुन्हा वापरता येते. निळी सिलिका घेऊ नका, तिच्यातलं कोबाल्ट आरोग्याला घातक असतं. नारिंगी किंवा पांढरी घ्या. तापवायचं भांडं स्वयंपाकाला पुन्हा वापरू नका.

पाणी जमणारे ओलशोषक डबे मिळतात, त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं. डबा कलंडून ते खारट पाणी चामड्यावर सांडलं तर डाग जात नाही. ठेवायचाच तर सगळ्यात खालच्या फळीवर एकटा ठेवा. कळीचा चुना वाटीत ठेवायची पद्धतही काही घरांत आहे, ती चामड्याच्या कपाटात नको. कातड्याचे केस काढायला चुनाच वापरतात, चामड्यावर सांडला तर तो काय करील ते वेगळं सांगायला नको. डांबरगोळ्या, कापूर, कडुनिंबाचा पाला हे किडीसाठी आहे, बुरशीवर त्यांची मात्रा चालत नाही. डांबरगोळी पॉलिशच्या थराला टेकली तर तो थर मऊ पडतो.

काही सुट्या वस्तू

पाकीट मागच्या खिशात घामाने सतत ओलं राहतं. रात्री बाहेर काढून उघडं ठेवा. स्वेड आणि नुबक या मखमली पृष्ठभागाच्या चामड्यांना क्रीम किंवा मेण कधीच नाही: कोरडा ब्रश, डागाला साधा खोडरबर. सोफ्यावर प्लास्टिकचं आवरण घालू नका. कॅमेरा आणि दुर्बीण चामड्याच्या पेटीत ठेवू नका. पेटीतली बुरशी भिंगावर जाते आणि भिंगाचा लेप खाते, ते नुकसान बॅगेपेक्षा कितीतरी महाग पडतं.

वनस्पतींनी कमावलेल्या जुन्या चामड्याची लालसर पूड हाताला लागायला लागली तर त्यातले तंतूच तुटलेले असतात. तेलाने ते आणखी गडद होऊन तुटतं. अशी वस्तू वापरातून काढा, नुसती कोरडी जपून ठेवा. याउलट उसवलेली शिवण, सुटलेला तळ, तुटलेला अंगठा ही कामं चर्मकार कारागिराकडे लगेच न्या. उसवलेल्या जागेतून पाणी आत जाऊन दोन आठवड्यांत चांगला भागही जातो. कारागिराला खिळ्याऐवजी शिवण घालायला सांगा. कोकणातल्या पावसात खिळा गंजतो आणि त्याच्याभोवतीचं चामडं काळं पडून ठिसूळ होतं.

पखवाज, तबला, ढोलकी

भजन आणि दशावताराच्या वाद्यांची पुडी, म्हणजे तोंडावर मढवलेला पडदा, हे चामडं नव्हे, न कमावलेलं कातडं असतं. वरचे तेला-क्रीमचे आणि स्पिरिटचे कुठलेही उपाय त्याला लागू नाहीत. तेलाचं बोट लागलं तरी नाद बसतो. पाण्याने पुडीवरचा काळा गोल, म्हणजे शाई, सुटते, कारण ती लोहचूर्ण आणि भाताच्या खळीची असते. भजन संपल्यावर पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक तिथल्या तिथे खरवडून काढा, कोरड्या सुती कापडाने पुसा. रात्रभर राहिली तर सकाळपर्यंत आंबते, पुडी मऊ पडते आणि झुरळं येतात ती कातड्यालाही तोंड लावतात. वाद्य सुती गवसणीत, जमिनीपासून वर, पाटावर ठेवा. बुरशी आली तर फक्त कोरडा मऊ ब्रश, आणि मग पंख्याचा वारा.

दमट हवेत पुडी सैलावते, स्वर उतरतो आणि वादक गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून वाद्य चढवत राहतात. गणपतीत असं ताणलेलं वाद्य तसंच ठेवून दिलं, की ऑक्टोबरची कोरडी हवा लागल्यावर कातडं आणखी आवळतं आणि कुणी न वाजवताच पुडी काठाजवळ फाटते. शेवटचं भजन झालं की ठेवण्याआधी ताण थोडा उतरवा. ऑक्टोबरभर दर आठवड्याला थाप मारून बघा. स्वर चढलेला वाटला तर गट्टे आणखी सैल करा.